दरड कां कोसळते ?

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके सह्याद्रीच्या कुशींत वसलेले असल्यामुळें डोंगर चढणें-उतरणें हा आमच्या नित्याच्या व्यवहाराचा भाग आहे. कोणी वाडीवरून शाळेस येतो, कोणी वरंधा घाटानें महाडकडे जातो, तर कोणी सुट्टींत राजगड-तोरण्याची सहल काढितो. चार दिवस मुसळधार पाऊस लागून मग ऊन पडलें कीं सर्वांस वाटतें, आतां धोका टळला. हा समज घातक आहे. आकाश मोकळें झालें तरी डोंगराच्या पोटांतील पाणी अद्याप तेथेंच असतें.

आपला सह्याद्रि प्राचीन लाव्हारसाच्या थरांनीं बनलेला आहे. काळ्या कठीण खडकावर मुरूम व माती यांचें आवरण असतें. पावसाचें पाणी भेगांवाटे या मातींत मुरतें आणि खालच्या खडकाशीं येऊन अडतें. भिजलेली माती जड होते. शिवाय सांचलेल्या पाण्याचा दाब तिला खालून उचलूं पाहतो, त्यामुळें खडकावरची तिची पकड सुटते. हिमालयांत वादळानंतर नव्या बर्फाचा थर जुन्या थरावरून घसरतो, तसाच हा प्रकार आहे. पाऊस थांबला तरी आंतील पाणी कित्येक तास, कधीं कधीं कांहीं दिवस, झिरपतच राहतें. म्हणून दरड उघडिपींतहि कोसळते.

तिच्यापुढें माणसाचें कांहीं चालत नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आपल्याच जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्यांत माळीण गांवाचा मोठा भाग दरडीखालीं गाडला जाऊन दीडशेंच्या सुमारास माणसें दगावलीं. नेहमींची एस. टी. घेऊन गेलेल्या चालकास गांवच दिसेना, तेव्हां ही वार्ता बाहेर कळली. घाटाखालीं महाड तालुक्यांतील तळिये येथें २२ जुलै २०२१ रोजीं असाच घाला पडून ऐंशींहून अधिक जीव गेले.

मग आपण करावें काय ? मोठा पाऊस होऊन गेल्यावर निदान एक-दोन दिवस कड्याखालच्या वाटा टाळाव्या. सरकारनें घाट बंद केला असेल तर तो उघडेपर्यंत धीर धरावा. डोंगर पुष्कळदां आधीं सूचना देतो, ती ओळखावयास शिकावें : जमिनीस नव्या भेगा पडणें, झाडें वा खांब कलणें, नवे झरे फुटणें, ओढ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें किंवा पाऊस चालू असतां आटणें, वरून बारीक खडे गळूं लागणें. यांपैकीं कांहींहि दिसल्यास मागें फिरावें व वस्तींतील लोकांस सावध करावें. धोक्याचा तुकडा ओलांडणें भागच पडलें तर एकेकानें, न थांबतां, जावें. बाकीच्यांनीं सुरक्षित जागीं उभें राहून वर नजर ठेवावी. घळींत किंवा ओढ्याच्या पात्रांत विसांवा घेऊं नये. गडगडाट ऐकूं आल्यास उताराच्या दिशेनें न पळतां बाजूच्या उंचवट्याकडे धांवावें. कोसळलेली दरड पाहावयास तर मुळींच जाऊं नये. एकीमागून दुसरी येण्याचा संभव असतो.

पालकांस आमची एवढीच विनंती कीं, अशा दिवशीं मुलाची शाळा बुडेल या भीतीनें त्यास डोंगरवाटेनें धाडूं नये. बुडालेला धडा पुढल्या आठवड्यांत भरून काढतां येतो. आणि मुलांनीं हें सर्व घरीं वडील माणसांस वाचून दाखवावें. कारण डोंगराखालच्या घरांत रात्रीं निजणारे तेहि आहेत.