हृदयाच्या चित्रातील खोटी सावली

वाशीत अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ ही संस्था टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्यावर आधारित औषधसंच पुरवते. असे औषध शिरेतून दिल्यावर हृदयस्नायूंचा रक्तपुरवठा गॅमा कॅमेऱ्यात दिसतो. मात्र औषधातून निघणारे गॅमा किरण सुमारे साडेचार सेंटिमीटर मऊ ऊतींत निम्मे शोषले किंवा विखुरले जातात, म्हणून स्त्रियांत स्तनाआडची पुढची आणि पुरुषांत बहुधा श्वासपटलाआडची खालची भिंत निरोगी असूनही रक्त कमी मिळाल्यासारखी भासते, आणि रुग्णाला निष्कारण अँजिओग्राफीला सामोरे जावे लागणे ही क्षुल्लक बाब नव्हे. सीटी स्कॅनवरून ऊतींच्या घनतेचा नकाशा काढून हरवलेल्या किरणांची भरपाई करणे म्हणजे क्षीणन-दुरुस्ती. परंतु श्वासामुळे दोन्ही चित्रे जुळली नाहीत, तर दुरुस्तीतूनच नवा खोटा दोष उपजतो, म्हणून प्रत्येक तपासणीत ही जुळणी पडताळणे अनिवार्य ठरते.