कायद्याच्या हद्दीबाहेरचं सचखंड

शीख सेनानी अकाली फुलासिंगांची नौशेऱ्याची लढाई या आठवड्यात सांगायची ठरली होती. ती पुढं ढकलतो, कारण माजलगावच्या एका वाचकानं विचारलेला प्रश्न त्या लढाईपेक्षा मुळाशी जाणारा आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात दिव्यांनी आरती होते, दशम ग्रंथाचा प्रकाश होतो, म्हणजे तो उघडून मांडतात, सणावारी एका घावात बोकडाचा झटका करून शस्त्रांना टिळा लावतात. अमृतसरला यातलं काहीच दिसत नाही. मग आपल्या मराठी मुलखाच्या, इथल्या देवळांच्या शेजारानं नांदेडचा शीख धर्म बदलला का? बहुतेक जण हेच उत्तर देतात. मला ते पटत नाही. माझ्या मते नांदेड फारसं बदललेलंच नाही. बदललं ते अमृतसर, आणि तेही गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत.

शेजाराचा परिणाम म्हणावा, तर पाटण्याचं काय करायचं? पाटणा साहिबलाही दशम ग्रंथाचा प्रकाश होतो, आरती होते, आणि पाटण्याचा शेजार बिहारी. शिवाय खुद्द पंजाबात निहंगांच्या छावण्यांमध्ये आदि ग्रंथाबरोबर दशम ग्रंथ मांडतात, सरबलोह ग्रंथ मानतात, झटका करतात, शहीदी देग म्हणून भांग घोटतात. गोदावरीकाठचं नांदेड, गंगेकाठचं पाटणा आणि पंजाबातली फिरती छावणी या तीन ठिकाणी एकच रीत आढळत असेल, तर ती तिन्हीकडं वेगवेगळ्या शेजाऱ्यांकडून आली असं म्हणणं ओढाताणीचं आहे. तिचा उगम एकच आणि जुना असावा, हा तर्क सरळ आहे. अठराव्या शतकात खालसा ज्या रीतीनं जगत होता, तिचा मोठा भाग इथं टिकला. त्या खालशाची लढती फौज म्हणजे निहंग. 1734 च्या सुमारास नवाब कपूरसिंगांनी बुढा दल आणि तरुणा दल अशी तिची बांधणी केली आणि अमृतसरच्या अकाल तख्तावर, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च आसनावर, पुढं याच मंडळींचा शब्द चालला.

मग पंजाबातून ही रीत हटली कशी? इंग्रजांनी 1849 साली पंजाब खालसा केला. घोड्यावर बसून, अंगावर शस्त्रं घेऊन, कुणाची चाकरी न करता हिंडणारं दल त्या राज्याला परवडणारं नव्हतं. 1878 च्या शस्त्रकायद्यानं तर पूर्ण पोशाखातला निहंगच संशयास्पद ठरला. त्याच काळात अमृतसरला 1873 मध्ये आणि लाहोरला 1879 मध्ये सिंग सभा उभी राहिली. शिकलेल्या, छापखाना हाती असलेल्या या नव्या वर्गानं शिखांची वेगळी ओळख रेखीव करायला घेतली. 1905 साली दरबार साहिबच्या (सुवर्णमंदिराच्या) परिक्रमेतल्या मूर्ती हलवल्या गेल्या, आणि त्या हलवणारा व्यवस्थापक सरकारनं नेमलेला होता. सुधारणा नुसत्या वादविवादात जिंकली नाही, कारभार तिच्या बाजूनं होता, हे दाखवायला हा एक प्रसंग मला पुरेसा वाटतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे: सुधारक इंग्रजांचे हस्तक कसे? गुरू का बागच्या मोर्चात 1922 साली त्यांनीच लाठ्या खाल्ल्या, ननकाना साहिबला 1921 साली त्यांचीच माणसं महंतानं कापली. खालच्या मानलेल्या जातींचा प्रसाद पुजारी नाकारत होते आणि त्याविरुद्ध 1920 साली हेच लोक उभे राहिले. हे सगळं खरं आहे आणि त्याचं मोल मी तसूभरही कमी लेखत नाही. पण लढा कसाही असो, तो मिटला इंग्रजांच्या कायद्यानं. 1925 च्या गुरुद्वारा कायद्यानं शीख कोण हे कलमात बांधलं, मतदार यादी आणली, गुरुद्वारे निवडून आलेल्या समितीकडं, म्हणजे शिरोमणी समितीकडं, सोपवले. निहंगांचं दल हे चलता वहीर, म्हणजे सदैव वाटेवर असलेली छावणी. तिला ना कायमचा पत्ता, ना मतदारसंघ. तिथं जथेदाराचा शब्द चालतो. अशा दलाला त्या चौकटीत जागाच नव्हती. एकेकाळी निहंगांनाच अकाली म्हणत. ते नावही 1920 साली एका राजकीय पक्षाकडं गेलं. 1945 च्या रहत मर्यादेनं, म्हणजे समितीच्या आचारसंहितेनं, दिव्यांची आरती आणि भांग दोन्ही अमान्य केल्या. पंजाबात निहंग आजही आहेत, आनंदपूरला होला महल्ला तेच गाजवतात, पण अकाल तख्त त्यांच्या हाती राहिलं नाही.

1925 चा तो कायदा पंजाबपुरता होता. पाटणा इंग्रजी अमलात असूनही त्याच्या कक्षेबाहेर राहिलं. म्हणजे रीत मोडायला नुसतं परकं राज्य पुरलं नाही, समितीचा कायदा लागला. नांदेड तर आपल्या बीडसारखंच 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. निजामाचा कारभारी राजा चंदूलाल याच्या काळात लाहोरच्या महाराजा रणजितसिंगांकडून आलेली लाहोरी फौज इथंच मुरली, तिचे वंशज दखनी शीख झाले आणि 1830 च्या दशकात रणजितसिंगांनी सचखंडाची वास्तू उभारून दिली. निजामाला या रीतींत ढवळाढवळ करण्याचं कारण नव्हतं. पुढं कायदा आला तोही 1956 साली, हैदराबाद राज्याचा, नांदेडपुरतं स्वतंत्र मंडळ नेमणारा. शिरोमणी समितीचे प्रतिनिधी त्यात असतात, पण समितीचा हुकूम तिथं चालत नाही. म्हणून आजही गागरिया सिंग पहाटे गोदावरीचं पाणी आणतो, मुख्य पुजारी आजन्म ब्रह्मचारी असतो आणि आतल्या गाभाऱ्यात तोच जातो, दसऱ्याला हल्ल्याची मिरवणूक निघते तेव्हा गुरूंच्या परंपरेतले घोडे पुढं असतात.

फुलासिंग नक्की पुढच्या आठवड्यात. ज्या अकाल तख्तावरून त्यांनी खुद्द रणजितसिंगांना शिक्षा फर्मावली, तिथपासूनच सुरुवात करू.