एका अवसेची दोन नावं

आषाढ सरत आला की कर्जत-खोपोलीच्या बाजारात एकच विचारणा: यंदा गटारी कधी? कॅलेंडरात त्या चौकटीत ‘दीप अमावास्या’ छापलेलं असतं. दिवस तोच. सकाळी समया-निरांजनं चिंचेने घासून लख्ख करायची, पाटावर मांडून पुजायची, कणकेचे गोड दिवे उकडायचे. आणि संध्याकाळी त्याच घरातून मटणाच्या वाटणाचा वास. उद्यापासून श्रावण, महिनाभर ‘आम्ही खात नाही’.

आपला महिना अवसेला संपतो, म्हणून ही वेस अवसेवर. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. तिकडे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी श्रावण लागतो, आपल्या पंधरा दिवस आधी. त्यात वार आडवा येतो. 2025 साली अवस 24 जुलैला, गुरुवारी आली. गुरुवार पाळणाऱ्यांनी मग बुधवारीच उरकून घेतलं. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी दुर्मिळ. सगळा भार कोंबडीवर, मटणावर आणि ओढ्याच्या खेकड्यांवर.

‘गत आहार’ म्हणून गताहारी, तिचं झालं गटारी, असं सांगतात. मला ही व्युत्पत्ती मागाहून धुऊन-पुसून आणलेली वाटते. लोकांच्या डोळ्यांपुढे पिऊन गटाराकाठी पडलेला माणूसच असतो.

ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासही चंद्रावरच ठरतो, आणि त्याच्या तोंडावरही अशीच खादाडी. मध्ययुगीन इंग्रजीत त्या दिवसांना ‘फास्टिंगाँग’ म्हणत, म्हणजे उपवासात शिरणं. दुसरा शब्द ‘श्रोव्हटाइड’: पाद्र्यापुढे पापं कबूल करून मोकळं होण्याचा काळ. शेवटच्या मंगळवारी घरातली अंडी, लोणी संपवायला पॅनकेक करत. ते आजही करतात. ‘कार्निव्हल’च्या मुळाशी मांस दूर सारणं आहे. गोव्यातला ‘इंत्रूज’ पोर्तुगीज ‘एंत्रुदो’वरून आला, त्याच्या पोटात लॅटिनमधला ‘प्रवेश’. कोणी दाराचं नाव दिलं, कोणी पापाचं, कोणी मांसाचं. आपण थेट दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

2023 साली गंमत झाली. आषाढ अवस 17 जुलैला, पण पुढे अधिक श्रावण. निज श्रावण लागला 17 ऑगस्टला. अधिक महिना धरायचा की नाही, यावर घरोघरी वाद. काहींनी दोन्ही वेळा गटारी केली. मटणवाल्यांची तक्रार असण्याचं काही कारण नव्हतं.