पुरीची कविता, वऱ्हाडच्या गाठी

१७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना राज्याच्या दोन टोकांचे मुलूख सोडावे लागले. पश्चिमेला वर्धा नदीपलीकडचे वऱ्हाड. पूर्वेला कटक प्रांत, आणि त्याबरोबर पुरीचा जगन्नाथ. वऱ्हाड निजामाकडे गेले, कटक ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःकडे ठेवले. पुढे इंग्लंडात पुरीची कविता झाली आणि वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी.

कविता आधी आली. रॉबर्ट साउदीचे ‘द कर्स ऑफ केहामा’ हे दीर्घकाव्य १८१० मध्ये निघाले. साउदीने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. केसिकच्या घरी बसून त्याने प्रवासवृत्ते आणि विल्यम जोन्सप्रभृतींचे लेखन उपसले, आणि काव्याला लांबलचक टिपा जोडल्या. यज्ञांच्या बळावर देवांनाही भारी होऊ पाहणारा राजा केहामा आपल्या पुराणांतल्या तपस्वी असुरांच्या जातीचा. पण काव्यात जगन्नाथाचा रथ निघतो तेव्हा चाकांखाली भक्त चिरडले जातात, आणि नायिका कैल्याल देवाची वधू म्हणून त्या मिरवणुकीत ओढली जाते. इंग्रज वाचकाच्या मनात पुरीचे हेच चित्र पक्के झाले. तिकडे कंपनीचे अंमलदार १८०६ पासून त्याच पुरीच्या यात्रेकरूंकडून रीतसर कर घेत होते. तो १८४० पर्यंत चालला. भोसलेही यात्राकर घेत, हे विसरायचे कारण नाही. पण त्यांनी रथावर भयकाव्य लिहवून घेतले नव्हते!

१८१३ मध्ये बायरनने कविमित्र टॉमस मूरला पत्रातून सल्ला दिला, की पूर्वेला धरून राहा. त्यात बाजाराची जाण होती. मूरच्या ‘लाला रूख’साठी लाँगमन कंपनीने तीन हजार गिनी मोजल्या. औरंगजेबाची मुलगी दिल्लीहून काश्मीरला निघते आणि वाटेत एक तरुण कवी तिला कथाकाव्ये ऐकवतो, अशी त्याची रचना. हे पुस्तक १८१७ च्या मे महिन्यात आले. त्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला नागपुरात भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली. लंडनच्या वाचकाला अरब म्हटले की वाळवंट आणि तंबू दिसत. भोसल्यांच्या मुलखात अरब म्हणजे पगारी शिपाई. अडगावला १८०३ मध्ये ते लढले, सीताबर्डीला लढले, आणि नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही नागपूर शहर त्यांनी डिसेंबरच्या अखेरपर्यंत सोडले नाही. असा अरब त्या काव्यांत कुठे भेटत नाही.

सगळ्याच कवींना साम्राज्याचे भाट ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. मूर आयरिश होता. ‘लाला रूख’मधल्या अग्निपूजकांच्या बंडात त्याचा स्वतःचा पराभूत देश दिसतो. जोन्सने १७८९ मध्ये इंग्रजीत आणलेल्या ‘शाकुंतला’ने जर्मन कवी गटे हरखला, त्यात कसला कावा नव्हता. तरी जोन्स कलकत्त्यात कंपनीच्या राजवटीतला न्यायाधीश होता, हेही तितकेच खरे. एडवर्ड सईदचे ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८ मध्ये आल्यापासून साहित्य आणि साम्राज्य यांच्या नात्याची चर्चा झाली, पण मराठीत ती बहुधा इंग्रजीच्या वर्गाबाहेर पडली नाही.

वऱ्हाडची पाळी नंतर आली. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी ते इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरचा कापूस तुटला आणि इथल्या बोंडांना भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ दारव्ह्यावरून धावू लागली, तीही कापसासाठीच. या मातीवर साउदी-मूरच्या पिढीने ओळ लिहिली नाही. शेतकरी आणि सरकी यांत त्यांना नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

आपल्या कवींनी त्या इंग्रजी काव्यातून काय घेतले, हे जास्त मोलाचे. वर्धा-नागपूरला काही काळ शिकलेल्या केशवसुतांनी इंग्रजी रोमँटिकांकडून ‘मी’ घेतला, निसर्ग घेतला, सुनीत घेतले, बंडखोरी घेतली. राजवाडे आणि जनानखाने तिथेच ठेवले. ही निवड अचूक होती. विद्यापीठांत आजही रोमँटिक कविता शिकवताना डॅफोडिल्सपाशी थांबतात. निदान विदर्भातल्या महाविद्यालयांनी तरी ‘केहामा’ वर्गात आणावे, आणि शेजारी देवगावच्या तहाची कलमे ठेवून वाचावे.