ऑक्टोबर हीट : पाऊस गेला, तरी उकाडा का?

आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. पाऊस गेला की गारवा यायला हवा, पण दुपारी उलट उकडतं. मुले विचारतात, "असं का?"

ऑक्टोबरमध्ये मोसमी वारे विदर्भातून माघारी फिरतात. ढग हटून ऊन थेट पडते. जमिनीतल्या ओलीची वाफ हवेत राहते, म्हणून घाम लवकर वाळत नाही. रात्री ढगांचे पांघरूण नसते, म्हणून पहाटे गारवा अन् दव.

बुलढाणा शहर घाटावर, सुमारे ६५० मीटर उंचीवर. मलकापूर, शेगाव घाटाखाली. १०० मीटर वर गेलं की तापमान साधारण अर्धा-पाऊण अंशाने उतरतं.

याच दिवसांत सोंगलेलं सोयाबीन शेतात पडलेलं असतं. परतीचा पाऊस आला तर दाण्याला कोंब फुटतात, हंगामाची कमाई जाते. पण तीच ओल पुढे हरभऱ्याला कामी येते.

उपक्रम : आठवडाभर सकाळी व दुपारी सावलीतले तापमान मुलांकडून लिहून घ्या. घाटाखालच्या एखाद्या शाळेच्या नोंदींशी ताडून पाहा. उत्तर मुलेच सांगतील.