काळी माती, पांढरा दगड आणि रुळांचे पोलाद

अकोटहून दक्षिणेला पूर्णा नदीच्या दिशेने निघाले की एप्रिल-मे महिन्यात शेते उललेली दिसतात. भेगा अशा की कोपरापर्यंत हात आत जावा. आषाढात हीच जमीन पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटतात. कपाशीला हे मानवते, घराला मानवत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात, दारे चौकटीत अडकतात आणि बोल गवंड्याला लागतो. दुखणे मात्र पायाखालच्या मातीच्या घडणीत असते.

अभियांत्रिकी पदार्थांचे शास्त्र याच घडणीचा शोध घेते. पदार्थ कशाचा बनला हे कळून भागत नाही. त्याचे अणू, स्फटिक आणि धागे आत कसे रचले आहेत, यावर त्याची ताकद, लवचीकता, ठिसूळपणा ठरतो. हे शिकायला अकोटसारखा तालुका शोधून सापडणार नाही.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट वर्गातली खनिजे भरपूर. सिलिकाच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनाचा एक थर, असा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा आणि अशा पापुद्र्यांची चळत. पापुद्र्याच्या आतले अणू घट्ट बांधलेले असतात, पण शेजारच्या दोन पापुद्र्यांतली पकड अगदी क्षीण असते. तिथे पाणी शिरते, पापुद्रे दूर सरकतात, माती फुगते. चिनी मातीतले केओलिनाइटही थरांचेच खनिज. पण त्याचे थर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, म्हणून ते असे फुगत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात, सोडियमची भर पडते आणि दुखणे वाढते. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे.

यावरचा एक चांगला उपाय रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुळवला. भोक पाडून काँक्रीटचा खांब खोल उतरवायचा आणि तळाशी त्याला खांबाच्या सुमारे अडीच पट रुंदीचा फुगवटा द्यायचा. खोल काळ्या मातीत हा खांब साधारण साडेतीन मीटरपर्यंत नेतात. तिथे ऋतूंप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही. वरची माती फुगली, आक्रसली, तरी फुगवट्याने खांब जागचा हलत नाही.

ज्या मातीने घर उलवले, तिचा पूर्वज बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा थिजला, त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्झिनचे बारीक स्फटिक एकमेकांत गुंतले आणि काळा कठीण दगड तयार झाला. तोच झिजून, कुजून माती झाला. मूलद्रव्ये बरीचशी तीच राहिली, रचना मोडली आणि गुणधर्म पार उलटले. पदार्थविज्ञानाचा इतका मोठा धडा दुसरीकडे क्वचितच असा उघड्यावर मांडलेला असेल.

उत्तरेला सातपुड्यात नरनाळा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा बहमनी काळातला, १४८७ मध्ये फतेहउल्ला इमाद-उल-मुल्कने बांधलेला. नक्षी, कमळे, जाळीचे सज्जे आणि अरबी लेख असलेले हे काम पांढऱ्या वालुकाश्मात आहे. वालुकाश्मातले क्वार्ट्झचे कण नैसर्गिक चिकट द्रव्याने बांधलेले असतात. कण कठीण असले तरी छिन्नीखाली तो सांधा सुटतो, त्यामुळे बारीक काम साधते. दाब मात्र हा दगड उत्तम पेलतो. ताणात सगळेच दगड कच्चे; त्यांची ताणशक्ती दाबशक्तीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. म्हणून रुंद वाटेवर सरळ शिळा टाकण्यापेक्षा कमान उभारणे शहाणपणाचे: कमानीतले दगड एकमेकांना दाबत राहतात.

अकोटच्या बाजारातला कापूस आणि बैलगाडीच्या चाकातली बाभूळ, दोन्हींचा मूळ घटक सेल्युलोज. कापसाच्या तंतूत त्याच्या साखळ्या मळसूत्री पिळात बसलेल्या असतात. कापसाचा धागा ओला झाला की अधिक बळकट होतो, ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. लाकडात हेच तंतू लिग्निनने जखडलेले असतात, त्यामुळे ते तंतूंच्या दिशेने मजबूत आणि आडवे कमकुवत.

त्या चाकावर लोहार धाव चढवतो. सव्वा मीटर व्यासाची लोखंडी पट्टी ५०० अंशांनी तापवली तर तिचा घेर दोन सेंटीमीटरांहून अधिक वाढतो. लाल असताना बसवून लगेच पाणी ओतले की ती आक्रसून लाकडाचे सगळे सांधे आवळते. इथे प्रसरणाचाच उपयोग करून घेतलेला आहे.

रुळांच्या बाबतीत तेच प्रसरण धोक्याचे. अकोला-अकोट मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि २०२२ च्या अखेरीस प्रवासी गाडी धावू लागली. सलग जोडलेल्या रुळाला लांबायला वाव नसतो. तापमान ३० अंशांनी वाढले की त्यात चौरस मिलिमीटरला सुमारे ७० न्यूटन दाब साठतो. रूळ वाकडा होऊ नये म्हणून स्लीपर आणि टोकदार गिट्टी त्याला धरून ठेवतात. रुळाच्या पोलादात साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो. मऊ फेराइट आणि कठीण सिमेंटाइट यांचे अतिशय पातळ थर आलटून-पालटून बसतात. या रचनेला परलाइट म्हणतात. चाकांची घासणी सोसण्याची ताकद तिच्यातच आहे.

बांधकामाच्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपासच ठेवतात, म्हणून ती तुटण्याआधी वाकते. काँक्रीट दाब घेते, सळई ताण घेते आणि दोघांचे प्रसरण जवळपास सारखे असते. शिवाय काँक्रीटच्या अल्कतेमुळे सळईवर एक संरक्षक पापुद्रा तयार होतो. खारपाणपट्ट्यात घात होतो तो इथेच. विहिरीच्या खाऱ्या पाण्यातले क्लोराइड हा पापुद्रा भेदते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून किमान दुप्पट जागा मागतो आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. बिनसळईच्या काँक्रीटला ही मर्यादा २,००० आहे. स्लॅबचे माप काढण्याआधी बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत धाडावा, आणि पाणी खारे निघाले तर गोड्या पाण्याचा टँकर अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा. ही अट काँक्रीट कालवण्यापुरती नाही. उष्ण, कोरड्या हवेत पुढचे किमान १० दिवस जे पाणी मारायचे, तेही गोडेच हवे.