विजेची शेगडी : कॉइलची की काचेची?

स्वयंपाकघरात धूर नसावा, ही आपल्या माता-भगिनींची जुनी इच्छा. गॅस आला आणि चूल मागे पडली. परंतु सिलिंडर संपला की दुसरा येईपर्यंत अडचण होतेच. अंबड, परतूर, मंठा, भोकरदनकडून शिकण्यासाठी जालन्यात खोली करून राहणाऱ्या मुलामुलींना तर विजेची शेगडीच सोयीची वाटते. मात्र शेगडीची निवड दुकानातील चकाकी पाहून करू नये. आपली भांडी, तवा व घरातील वायरिंग पाहून ती करावी, असे आम्हांस वाटते.

कॉइलच्या शेगडीत निक्रोमची तार असते. निकेल व क्रोमियम यांच्या या मिश्रधातूचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळाले. तार लाल होते व भांडे तापते. कोणतेही भांडे चालते, किंमत कमी आणि कॉइल जळाल्यास बदलता येते. दोष एकच, पण जीवघेणा : उघड्या कॉइलमधून वीज वाहत असते. जाळी ठेवून पापड शेकताना किंवा दूध उतू गेल्यावर शॉक बसू शकतो. म्हणून कॉइलचीच घ्यायची असल्यास तार लोखंडी तबकडीखाली झाकलेली घ्यावी.

काचेच्या शेगड्या दोन प्रकारच्या असतात आणि दिसायला सारख्याच. इन्फ्रारेडमध्ये काचेखालील तार तापते, तिच्यावर कोणतेही सपाट बुडाचे भांडे चालते. इंडक्शनमध्ये फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविलेल्या तत्त्वानुसार चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच वीज निर्माण होऊन ते तापते. त्यामुळे साध्या ॲल्युमिनियमची, तांब्याची वा पितळेची भांडी तिच्यावर चालत नाहीत. घरातील चुंबक बुडाला लावून पाहावे, घट्ट चिकटल्यास भांडे चालेल. पेसमेकर बसविलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडे ज्वारीची भाकरी रोजची. खोलगट तवा काचेवर नीट बसत नाही, सपाट लोखंडी तवा लागेल. भाकरी जाळावर शेकता येत नाही, ती तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी लागते. जड तवा काचेवर आपटू नये, तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

आता खर्च. एक हजार वॅटची शेगडी एक तास चालली की एक युनिट होते. रोज एक तास म्हणजे महिन्याला तीस युनिट. वापर शंभर युनिटच्या पुढे गेला की त्यापुढील युनिटचा दर वाढतो, हे ध्यानी ठेवावे. इंडक्शनची सुमारे ८५ टक्के ऊर्जा भांड्यात जाते, त्यामुळे एक लिटर पाणी उकळायला सुमारे एक दशांश युनिट लागते. कॉइलची बरीच उष्णता आजूबाजूला वाया जाते.

व्होल्टेज २३० वरून १८० वर उतरले की कॉइल साठ टक्केच ताकदीने तापते, पण चालू राहते. इंडक्शन अशा वेळी बंद पडू शकते.

सर्वांत महत्त्वाची बाब वायरिंगची. दोन हजार वॅटची शेगडी जवळपास नऊ अँपिअर वीज ओढते. दिव्याच्या लहान पिनाच्या प्लगवर ती लावल्यास वायर तापून आग लागू शकते. सोळा अँपिअरचा तीन पिनांचा प्लग, योग्य जाडीची वायर व चांगले अर्थिंग हवेच.

थोडक्यात, सपाट लोखंडी वा चुंबक चिकटणारी भांडी असतील व वीज स्थिर असेल तर इंडक्शन उत्तम. भांडी ॲल्युमिनियमची असून बदलणे परवडत नसेल तर इन्फ्रारेड अथवा झाकलेली कॉइल घ्यावी. उघडी कॉइल मात्र विद्यार्थ्यांच्या खोलीत नकोच. मुलाला शिकायला पाठविताना पालकांनी शेगडीबरोबर त्या खोलीचे अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्यावे, एवढीच आमची कळकळीची विनंती.